२४०० वस्तीचं गाव, सांडपाण्यासाठी मशीनवाला प्लांट घ्यावा का? अनुभवी लोकांनी सांगा

कृष्णाकाठ_सदस्य

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका गावातून लिहितोय, गावाचं नाव देत नाही कारण विषय अजून ग्रामसभेत यायचाय. लोकसंख्या २४०० च्या आसपास, घरं ४८०, मी पहिल्यांदाच ग्रामपंचायत सदस्य झालोय आणि निवडणुकीत लोकांना एकच शब्द दिला होता की शाळेमागचा ओढा साफ करून दाखवणार.

ओढा म्हणजे काय अवस्था आहे ते सांगतो. गावातल्या सगळ्या उघड्या गटारी मारुतीच्या देवळापाशी एकत्र येतात आणि तिथून शाळेच्या कंपाउंडला लागून ओढ्यात पडतात. आधी लोक हापशावरनं नाहीतर आडावरनं पाणी आणायचे तेव्हा पाणी जपून वापरायचे, आता जलजीवनचे नळ घराघरात आले, चांगलंच झालं, पण आलेलं पाणी जायला वाट तीच जुनी. सकाळी नळ सुटला की गटारीतनं पांढरा फेस वाहतो, दुपारी तेच पाणी काळं पडून साचतं आणि संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात डासांमुळं उभं राहवत नाही. मागच्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याला डेंग्यू झाला, आठ दिवस पोरगं दवाखान्यात होतं. ओढा पुढं दीड किलोमीटरवर नदीला मिळतो आणि खालच्या गावाची जॅकवेल (नदीतनं पाणी उचलायची विहीर) तिथंच आहे, त्यामुळं हा नुसता आमच्या गावाचा प्रश्न नाही.

आता एका कंपनीचा माणूस येऊन गेला. १०० केएलडीचा, म्हणजे रोज एक लाख लिटरचा, एमबीबीआर प्लांट, त्याच्यावर सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि जंतू मारायला यूव्ही किरणांचा दिवा, म्हणतो पाणी एवढं स्वच्छ निघेल की गाड्या धुवा, बागेला घाला. कोटेशन ४८ लाखाचं. सरपंचांना पटलंय, ग्रामसेवक म्हणतात निधी कुठनं आणायचा ते बघू, आणि मला झोप येईना कारण हे चालवणार कोण हे कुणीच विचारत नाही. गायरानातली २५ गुंठे जागा ओढ्याच्या कडेला मिळू शकते. जमीन काळी आहे, गावाच्या वरच्या अंगाला थोडा मुरूम लागतो.

तर असा प्लांट छोट्या गावात चालतो का, लाइट बिल किती येतं, आणि दुसरं काही करता येण्यासारखं असेल तर तेही सांगा. आकडे माहीत असतील तर आकड्यासकट सांगा, मला ग्रामसभेत उभं राहून बोलायचंय.

निवृत्त_शाखा_अभियंता

सदस्य साहेब, प्रश्न फार चांगला विचारलात. मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची काही सांडपाण्याच्या कामात. जमेल तेवढं सविस्तर लिहितो.

आधी पाणी किती ते बघा. जलजीवनचं प्रमाण माणशी ५५ लिटर. २४०० माणसं म्हणजे रोज १,३२,००० लिटर. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात, म्हणजे एक लाखाच्या जरा वर. कंपनीनं १०० केएलडी सांगितलं ते या हिशोबानं बरोबर दिसतंय, पण हे कागदावरचं पाणी. तुमच्या गटारीच्या तोंडाशी प्रत्यक्षात किती येतं ते मोजल्याशिवाय एक रुपयासुद्धा खर्च करू नका.

दुसरं म्हणजे एमबीबीआर. टाकीत प्लॅस्टिकच्या छोट्या चकत्या तरंगत असतात, त्यांच्यावर जिवाणूंचा थर वाढतो आणि ते घाण खातात. तंत्र उत्तम आहे, शहरातल्या सोसायट्यांत चालतं. पण त्या जिवाणूंना चोवीस तास हवा लागते, ती ब्लोअर देतो आणि ब्लोअर विजेवर चालतो. तुमच्याकडं ५ एचपीचा ब्लोअर रोज २० तास चालला असं धरा, ७४-७५ युनिट रोजचे, महिन्याला सव्वादोन हजार युनिट, युनिटला ८ रुपये लावले तरी १८,००० रुपये. यात पंप, यूव्ही आणि ऑपरेटरचा पगार धरलेलाच नाही. आणि लाइट सहा-आठ तास गेली की हवा बंद, टाकी कुजते, वास सुटतो आणि परत घडी बसायला कित्येक दिवस जातात. तुमच्या पंचायतीची घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती आहे ते तुम्हालाच ठाऊक.

तिसरी गोष्ट, ती कोटेशनवाला कधी सांगणार नाही. त्या पाण्याचं पुढं काय करायचंय त्यावर ते किती साफ करायचं हे ठरतं. 'प्रगत प्रक्रिया' म्हणजे बहुतेक वेळा नायट्रोजन, फॉस्फरस काढणं आणि शेवटी जंतू मारणं. पाणी तलावात किंवा नदीत सोडायचं असेल तर नायट्रोजन-फॉस्फरस काढायलाच हवं, नाहीतर जलपर्णी माजते. पण तेच पाणी शेताला द्यायचं असेल तर ज्या नत्र-स्फुरदासाठी शेतकरी युरिया आणि डीएपीची पोती विकत आणतो तेच विजेचे पैसे भरून पाण्यातनं काढून टाकायचं, हे माझ्या बुद्धीला पटत नाही. शेतीसाठी खरी काळजी जंतूंची आणि जंतांच्या अंड्यांची असते. ती अंडी जड असतात, पाणी स्थिर ठेवलं की तळाला बसतात. बाकीच्या जंतूंना ऊन आणि वेळ लागतो. आपल्याकडं ऊन फुकट आहे.

म्हणून माझं मत असं की २५ गुंठे हातात असताना विजेशिवाय चालणारी व्यवस्था आधी बघा. एक प्रकार तळ्यांचा. पहिलं तळं खोल, त्यात गाळ बसतो आणि हवेशिवाय कुजतो, दुसरं मीटर-दीड मीटर खोल, त्यात शेवाळ वाढतं आणि तेच पाण्याला प्राणवायू पुरवतं, तिसरं उथळ, तिथं ऊन जंतू मारतं. रोजचं एक लाख लिटर पंधरा दिवस साठवायचं म्हटलं तर १५०० घनमीटर, सरासरी १.२ मीटर खोली धरली तर १२५० चौरस मीटर म्हणजे साडेबारा गुंठे पाणी, बांध-रस्ता धरून २० गुंठे. तुमच्या जागेत बसतं.

दुसरा प्रकार डीवॉट्सचा. आधी निवळण टाकी, मग आडभिंतींची झाकलेली टाकी, जिच्यात पाणी दर कप्प्यात तळाशी उतरून गाळातनं वर चढतं, आणि शेवटी खडीचा वाफा, त्यात कर्दळ, पाणकणीस, नळ (पाण्याकाठचं उंच गवत) अशी झाडं. पुद्दुचेरीच्या अरविंद नेत्र रुग्णालयात असंच पाणी साफ करून बागेला देतात. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेचं फायटोरिड याच कुळातलं, मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारात बघायला मिळेल. जागा तळ्यापेक्षा कमी लागते आणि पाणी उघडं नसल्यामुळं डास होत नाहीत. तुमची शाळा जवळ आहे म्हणून मी डीवॉट्सकडं झुकेन.

पैशाचं सांगतो. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती, तुमच्या गावाला त्या हिशोबानं ६ लाख ७२ हजार होतात आणि त्यातला ३० टक्के वाटा पंधराव्या वित्त आयोगातनं घालायचा होता. त्या आयोगाच्या २०२१-२६ च्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठराविक कामांनाच वापरायचा, त्यातला निम्मा स्वच्छतेचा होता. आता ४८ लाखाच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

भीमाकाठी

अभियंता सरांनी लिहिलंय ते शब्द न शब्द खरं आहे, आमच्या गावानं ते भोगलंय म्हणून लिहितोय. आमचं गाव पुणे जिल्ह्यात, वस्ती तुमच्याहून थोडी जास्त. पाच वर्षांपूर्वी असाच एक मशीनवाला प्लांट बसला, एका देणगीतनं आला त्यामुळं आम्हाला खर्च नाही म्हणून सगळे खूश. उद्घाटनाला मांडव, हार, नारळ, मी स्वतः फोटो काढलेत. पहिलं वर्ष कंपनीचा माणूस असायचा तोपर्यंत पाणी खरंच स्वच्छ निघायचं, आम्ही बाटलीत भरून पाहुण्यांना दाखवायचो.

मग करार संपला. पंचायतीनं गावातल्याच एका पोराला ठेवलं, पोरगं कष्टाळू होतं पण त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, स्विच चालू-बंद करायचं एवढंच दाखवलेलं. त्याचा पगार चार महिने थकला, ते चाकणला कंपनीत लागलं. ब्लोअरचं बेल्ट तुटलं ते बदलायला माणूस पुण्याहून येणार, येण्याचेच पैसे एवढे सांगितले की विषय पुढच्या मीटिंगवर गेला आणि मीटिंग कधी झालीच नाही. आता तिथं कुलूप आहे. मागच्या महिन्यात मी कंपाउंडवरनं आत बघितलं, टाकीत पावसाचं पाणी साचलंय, त्याच्यावर त्या प्लॅस्टिकच्या चकत्या तरंगतायत आणि सगळं डासांच्या अळ्यांनी वळवळतंय. ज्याच्यासाठी प्लांट आणला तेच तिथं पैदा होतंय. गटार बाजूनं पाइप टाकून थेट नाल्यात सोडलीय.

मला यात मशीनला दोष द्यायचा नाही. पण दादा, तुम्ही ग्रामसभेत एकच मागणी करा की पहिल्या पाच वर्षांचा चालवायचा खर्च कुठनं येणार ते आधी लिहून द्या, कोणतीही पद्धत असो. आम्ही ते विचारलं नाही त्याचं वाईट आजही वाटतं.

गोदावरी_ताई

मी नांदेड जिल्ह्यातली, बचत गटाचं काम करते. आमच्या जिल्ह्यातलं हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी गाव तुम्ही ऐकलं असेल, घरोघरी शोषखड्डे करून गटारमुक्त आणि डासमुक्त झालं म्हणून लोक लांबलांबून बघायला यायचे, त्यालाच पुढं नांदेड पॅटर्न म्हणू लागले, कुणी मॅजिक पिट म्हणतं. रोजगार हमीतून हे काम करता यायचं, आमच्याकडे खूप घरांनी तसंच केलं.

आमच्या घरचा कसा केला ते सांगते म्हणजे डोळ्यासमोर येईल. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध सिमेंटची टाकी ठेवली, तिला वरच्या अंगाला चार छिद्रं पाडलेली. टाकीच्या भोवती खाली मोठे दगड, त्याच्यावर मध्यम, त्याच्यावर बारीक खडी. मोरीचं पाणी पाइपानं आधी टाकीत पडतं, राख, केस, भाताची शितं, साबणाचा गाळ टाकीतच बसतो आणि वरचं पाणी छिद्रातून दगडात जाऊन मुरतं. वरून झाकण. दर दोन-तीन महिन्यांनी मी आणि सासूबाई झाकण काढून टाकीतला गाळ उपसतो, तो केळीच्या बुडाला टाकतो. आधी आमच्या दारात बारा महिने चिखल असायचा, लेकरू अंगणात सोडायची सोय नव्हती, आता तिथंच वाळवण घालते.

दादा, एवढंच सांगायचंय की ओढ्यापाशी जे कराल ते करा, पण आधी घराजवळ जेवढं जिरवता येईल तेवढं जिरवा म्हणजे खाली येणारं पाणीच कमी होईल. आणि हे काम बायकांना विचारून करा, कारण मोरी, भांडी, धुणं त्यांच्याच हातात असतं. आमच्याकडे खड्डा कुठं घ्यायचा ते पुरुषांनी ठरवलं तिथं धुण्याचा दगड एकीकडे आणि खड्डा दुसरीकडे झाला, ते खड्डे सहा महिन्यांत बुजले.

कृष्णाकाठ_सदस्य

ताई, सर, भीमाकाठी दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून बायकोला दाखवलं, ती म्हणाली ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्या, मी बोलते. पण एक शंका, आमच्याकडं निम्म्या गावाखाली काळी जमीन आहे, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात गच्च चिखल, तिथं शोषखड्डा चालेल का? आणि दुसरं सांगायला लाज वाटते पण खरं ते सांगतो, गावात बऱ्याच घरांच्या सेप्टिक टँकचा आउटलेट थेट गटारीत सोडलाय. म्हणजे मी सुरुवातीला बोललो नाही पण गटारीच्या पाण्यात मोरीच्या पाण्याबरोबर मैला पण आहे.

निवृत्त_शाखा_अभियंता

लाज कसली, कितीतरी गावांत हेच आहे, फरक एवढाच की तुम्ही बोललात. पण यामुळं सगळं गणित बदलतं. मोरीचं पाणी आणि संडासचं पाणी हे दोन वेगळे प्राणी आहेत. घरातलं बहुतेक पाणी मोरीचं असतं आणि बहुतेक जंतू संडासच्या थोड्या पाण्यात असतात. ते थोडं पाणी गटारीत सोडलं की सगळीच गटार मैल्याची होते. म्हणून पहिलं काम ते आउटलेट बंद करणं. जिथं मुरूम आहे तिथं सेप्टिक टँकच्या पुढं स्वतंत्र शोषखड्डा, नवीन संडास असतील तर दोन खड्ड्यांचेच करा, एक भरला की वळण चेंबरमधनं दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवला की त्याचं सोनखत होतं, हातात घेतलं तरी वास येत नाही. विहिरीपासनं अंतर निदान १५ मीटर ठेवा, आणि पावसाळ्यात भूजल जिथपर्यंत वर येतं त्याच्या वर खड्ड्याचा तळ राहिला पाहिजे. नाहीतर नायट्रेट विहिरीत उतरतं, पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. व्हेंट पाइपला बारीक जाळी बांधायला सांगा, पाच रुपयाचं काम आहे आणि डासांचा एक मोठा अड्डा बंद होतो.

टँकमधला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. तो टँकरवाला रात्री ओढ्यात ओतून जाणार नाही हे पंचायतीनंच बघायचं. वाई आणि सिन्नरला नगरपालिकांची मैलागाळ प्रक्रिया केंद्रं आहेत, प्रत्येकी रोज ७० हजार लिटरची. तुमच्या जवळच्या नगरपालिकेकडं असं केंद्र असेल तर करार करून टाका.

काळ्या जमिनीचं. अंदाजानं बोलू नका, चाचणी करा. एक फूट व्यासाचा खड्डा, शोषखड्ड्याचं पाणी जिथं मुरणार त्या खोलीपर्यंत घ्या, तळाला दोन इंच खडी टाका, आदल्या दिवशी पाणी भरून रात्रभर जमीन भिजू द्या. दुसऱ्या दिवशी परत सहा इंच पाणी भरा, पट्टी उभी करा आणि घड्याळ लावून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते लिहा. तासाहून जास्त लागला तर तिथं शोषखड्ड्याचा नाद सोडा, ते पाणी पाइपानं खालीच न्यायला पाहिजे.

आणखी एक राहिलं. गोठे किती आहेत? गोठा धुतलेलं पाणी गटारीत येत असेल तर एका गाईचं शेणमूत म्हणजे दहा-पंधरा माणसांच्या घाणीएवढा भार धरतात. पन्नास जनावरांचं आलं तर तुमच्या प्रक्रियेवर आणखी पाव गावाएवढा भार चढेल. शेण उकिरड्यात किंवा बायोगॅसमध्येच गेलं पाहिजे.

ल्यॉनहून_वैदेही

सगळ्यांना नमस्कार. मी मूळची कराडची, फ्रान्समध्ये सांडपाण्याच्याच क्षेत्रात नोकरी करते. हा धागा वाचून राहवलं नाही कारण इथं येण्याआधी मला वाटायचं की युरोपातल्या खेड्यात सगळं ऑटोमॅटिक, स्टीलच्या टाक्या आणि कॉम्प्युटर असणार. तर इथं फ्रान्समध्ये हजारो छोट्या गावांचं सांडपाणी नळाच्या वाफ्यांत साफ होतं. नळ म्हणजे फ्रॅगमायटिस, आपल्या कृष्णेच्या काठाला वाढतो त्याच्याच जातीतला.

पद्धत ऐका, तुम्हाला ओळखीची वाटेल. जाळीतून कचरा काढून कच्चं सांडपाणी, संडासासकट, थेट खडीच्या वाफ्यावर सोडतात. तीन वाफे असतात. एका वाफ्याला साडेतीन दिवस पाणी द्यायचं, मग त्याला सात दिवस विश्रांती, तोवर दुसऱ्या-तिसऱ्याला पाणी. अगदी आपल्याकडच्या पाण्याच्या पाळीसारखं. विश्रांतीत वाफा सुकतो, हवा आत जाते आणि जिवाणू साचलेली घाण खाऊन टाकतात, हवा घालायला ब्लोअर लागत नाही. वर गाळाचा थर साठतो, वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर, तो दहा-पंधरा वर्षांनी एकदा काढतात आणि तोपर्यंत त्याचं खत झालेलं असतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाऱ्यानं नळ हलतो तेव्हा त्याच्या बुंध्याभोवती गाळात बारीक फट पडते आणि तिच्यातनं पाणी खाली उतरतं, म्हणून वाफा तुंबत नाही. झाडाचं मुख्य काम तेच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथं बराच वेळ उभी राहून नुसतं ते बघत होते.

उतार असेल तर वीज अजिबात लागत नाही, एक सायफनची टाकी भरली की एकदम वाफ्यावर रिकामी होते. पंचायतीचा एक माणूस आठवड्यातून दोनदा येतो, व्हॉल्व्ह फिरवतो, जाळी साफ करतो, वहीत लिहितो आणि जातो.

जागेचा मात्र विचार करावा लागेल. इथं माणशी २ चौरस मीटर धरतात, पहिल्या टप्प्याला १.२ आणि दुसऱ्याला ०.८. तुमच्या २४०० माणसांना ते ४८ गुंठे होतील. पण इथल्या थंडीत जिवाणू सुस्त असतात, आपल्याकडं गरम हवेत काम जोरात होतं, शिवाय सरांनी सांगितल्याप्रमाणे संडास वेगळे काढले आणि पुढं निवळण टाकी ठेवली तर भार पुष्कळ कमी होईल. माणशी १ चौरस मीटर धरलं तरी २४ गुंठे, म्हणजे तुमच्या जागेत काठोकाठ. हे नीट डिझाइन करून घ्या, माझ्या अंदाजावर बांधू नका.

आणि खडीवर पैसे वाचवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. मातीमिश्रित खडी टाकली की दोन वर्षांत वाफा गच्च होतो. खडी धुऊन, चाळून, आकार बघून घ्या. ट्रकमधली मूठभर खडी पाण्याच्या ग्लासात टाकून ढवळा, पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवा.

माजी_सैनिक_सातारा

जय हिंद. माझी पोस्टिंग पंजाबात कपूरथळ्याला होती तेव्हा सुलतानपूर लोधीच्या बाजूचं सीचेवाल गाव बघून आलो होतो. संत बलबीर सिंग सीचेवाल यांनी २००० सालापासून लोकांना बरोबर घेऊन काली बेईं नदी साफ केली, १६० किलोमीटरची नदी, लोक स्वतः पाण्यात उतरून जलपर्णी काढत होते. पण बाबाजींनी नदीबरोबर गावाच्या गटारीचा पण बंदोबस्त केला, कारण घाण तिथनंच येत होती. गावाचं पाणी जाळीतून तीन विहिरींसारख्या गोल टाक्यांत फिरतं, कचरा, गाळ, तेलकट तवंग तिथं राहतो, मग तळ्यात उन्हात थांबतं आणि तिथनं पंपानं शेताला. मी तिथं तळ्याच्या कडेला उभा राहिलो होतो, नाक धरायची वेळ आली नाही. शेतकरी त्या पाण्यासाठी पाळी लावून असतात. पाणी शेतकऱ्याला हवंहवंसं झालं की राखण आपोआप होते, तुमच्याकडं ऊसवाले आहेतच, त्यांना आत्तापासून सामील करा.

एक सावधगिरी, कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनीत हे पाणी नको, साबणातला सोडा वाढेल. निचरा होणाऱ्या रानाला द्या, हत्ती गवत, बांबू, ऊस चालेल, कोथिंबीर-मेथीला नको.

कृष्णाकाठ_सदस्य

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे गप्प बसलो नव्हतो, मोजमाप चाललं होतं.

देवळापासनं येणारी गटार ओढ्यात पडते तिथं १५ लिटरची बादली धरून मोबाइलवर वेळ लावली, सात दिवस, मी आणि शाळेतली दहावीची चार पोरं आळीपाळीनं. सकाळी नळ सुटल्यावर सहा ते नऊ बादली ४ सेकंदात भरते, म्हणजे तासाला साडेतेरा हजार लिटर. दुपारी २२ सेकंद लागतात, तासाला अडीच हजारसुद्धा नाही. संध्याकाळी परत पाच हजाराच्या आसपास आणि रात्री करंगळीएवढी धार. सगळं मिळून दिवसाचं ८५ हजार लिटर भरलं. त्यातलं निम्मं पाणी फक्त तीन तासांत येतं! कोटेशनवाल्याला फोन करून विचारलं तुमचा प्लांट तासाला किती घेतो, तर म्हणाला चार हजार, आणि वरचं पाणी साठवायला टाकी वेगळी, तिचे पैसे कोटेशनमध्ये धरलेले नाहीत. सरपंच शेजारी बसले होते, फोन स्पीकरवर होता. त्या दिवसापासनं त्यांचा सूर बदललाय.

जमिनीची चाचणी तीन ठिकाणी केली. वरच्या आळीत मुरमात २५ मिलिमीटर ९ मिनिटांत उतरलं. मधल्या आळीत ३४ मिनिटं. खालच्या आळीत काळ्या रानात दीड तास झाला तरी पट्टी जागची हलली नव्हती, शेवटी उठलो. म्हणजे वरच्या आणि मधल्या आळीत शोषखड्डे, साधारण २६० घरं, आणि खालच्या आळीचं पाणी पाइपानं गायरानात. महिलांची सभा झाली, त्यात ठरलं की प्रत्येक घरी खड्ड्याची जागा घरातली बाई दाखवणार. सेप्टिक टँकचे आउटलेट मोजले, ७३ निघाले, पहिला माझ्या सख्ख्या चुलत्याचा बंद केला, दोन दिवस बोलले नाहीत, मग स्वतःच खड्ड्यासाठी दगड आणून टाकले.

गोठ्याचं पाणी अजून सुटलेलं नाही, दूधवाले ऐकत नाहीत, त्याच्यावर काम चालू आहे. आता डीवॉट्स की वैदेहीताई म्हणतात तसे पाळीचे वाफे, एवढंच ठरवायचं राहिलंय.

निवृत्त_शाखा_अभियंता

शाब्बास. एवढं मोजमाप मी नोकरीत असताना क्वचित फाइलला बघितलं. तो सात दिवसांचा तक्ता जपून ठेवा, तांत्रिक मान्यतेच्या वेळी तोच कामाला येईल.

ठरवण्याआधी आता उतार बघा. पाइप जिथं संपणार तिथं आणि गायरानाच्या खालच्या टोकाला लेव्हल घ्या. पाळीच्या उभ्या वाफ्यांना, दोन टप्प्यांचे असतील तर, चांगला दहा-बारा फुटांचा उतार हवा, डीवॉट्सला चार-पाच फुटांत भागतं. तेवढा नसेल तर पंप आला आणि पंप आला की बिल आलं. मशीन नसेल तर गवंडी वापरतात ती पाण्याची नळी चालेल, दोन माणसं आणि एक पट्टी पुरते.

कृष्णाकाठ_सदस्य

नळी आहे सर, घर बांधताना आणलेली. रविवारी सकाळी पोरांना घेऊन जातो आणि संध्याकाळी आकडे इथंच टाकतो.